कोल्ह्याची एकादशी

रविवार, १ ऑक्टोबर २००६

चार कोंबड्या घरी आल्या आणि मला कुणी विचारलं नव्हतं. हे एक वाक्य कुठेतरी लिहून ठेवावं म्हणून ही वही काढली. माझं म्हणणं घरात कुणी ऐकत नाही, निदान कागद ऐकेल.

माझ्या लेकीने, पूर्वीने, जुलैत कुठल्याशा संस्थेकडे नाव नोंदवलं. फार्मवरच्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या दीड वर्षाच्या झाल्या की त्यांना मारून टाकतात. ही संस्था त्यातल्या काही सोडवून लोकांच्या घरी देते. विचार फार चांगला. नाव नोंदवून बाईसाहेब लीड्सला युनिव्हर्सिटीत गेल्या, आणि आज सकाळी संस्थेचा फोन मला, की बेसिंगस्टोकजवळच्या एका शेतावर येऊन कोंबड्या घेऊन जा. मोटरवेवर दीड तास जायला, दीड तास यायला, मागच्या सीटवर खोक्यात चार जीव. एकीच्याही अंगावर धड पिसं नाहीत. मान बोडकी, पोट बोडकं, तुरे पांढरे पडलेले. दुकानातली कोंबडी जिवंत होऊन चालायला लागली असं दिसतं.

नवऱ्याने, म्हणजे उल्हासने, खिडकीतून पाहिलं. "अरे वा," म्हणाला आणि ऑन-कॉलवर निघून गेला. त्याला सगळं 'अरे वा'.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खुर्ची ओढून मागच्या दाराशी बसल्या होत्या. मार्चमध्ये मामंजी गेले, जूनमध्ये त्या आमच्याकडे लंडनमध्ये स्टॅनमोरला आल्या, तेव्हापासून त्या खुर्चीतच असतात. दिवसाला चार वाक्यं बोलत असतील. आज त्यातलं एक कोंबड्यांच्या वाट्याला गेलं.

"गारठतील गं त्या."

मी तीन तास गाडी चालवून आले होते. मला 'दमलीस का' नाही.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

पहिलं अंडं! तपकिरी, अजून कोमट. हातात धरून मी कितीतरी वेळ तशीच उभी होते. पूर्वीला फोन केला. "मम्मा, सो कूल! तो कोंबडी बरा आहे ना?" तिचं मराठी ऐकलं की आमच्या दोघांच्या संगोपनाचा निकाल लागतो. पण निदान फोन उचलला.

मग ते अंडं घेऊन गॅरेजमध्ये गेले. आमच्याकडे आई असताना अंडं घरात शिजत नाही. अंड्याचा तवा वेगळा, उलथनं वेगळं, ते गॅरेजमध्ये, आणि कॅम्पिंगचा गॅस. लग्न झाल्यापासून आई इथे आल्या की हे असंच. आधी महिना-दोन महिन्यांचा प्रश्न असायचा, आता जूनपासून रोज. गाउनवर कोट चढवून, गवत कापायच्या मशीनशेजारी उभी राहून मी ऑम्लेट खाते. उल्हास हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये खातो. त्याला कुठलं गॅरेज!

संध्याकाळी मी आईंना नीट समजावून सांगितलं. म्हटलं, आई, आपल्याकडे कोंबडा नाही. कोंबडा नसला की अंड्यातून पिल्लू निघूच शकत नाही. त्यात जीवच नाही. दुधासारखंच ते. तुमच्या अंगात ताकद नाही, उल्हास म्हणतो प्रोटीन हवं. तुम्ही डोळे मिटून एकदा...

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कोंबडा मुळीच नाही?" "मुळीच नाही." "बरं," म्हणाल्या आणि जप सुरू केला.

भिंतीशी बोलले असते तरी चाललं असतं.

रविवार, २२ ऑक्टोबर

काल लक्ष्मीपूजन. इल्फर्डहून अलका आणि मिलिंद आले होते. अलका माझी चोवीस वर्षांपासूनची मैत्रीण, तरी दारातच म्हणाली, "श्यामला, अगं काकू केवढ्या वाळल्यात! तू काय घालतेस काय त्यांना?" मिलिंद मागून हळूच, "अलका, चपला काढ आधी."

मी काय घालते? पहाटे उठून केलेला मऊ भात, मेतकूट, तूप. मुगाचं वरण. घावन. शेवयांची खीर. ताटात सगळं तसंच राहतं. दोन घास खाऊन त्या हात धुतात. मी खरकटं कोंबड्यांना घालते. आता कोंबड्यांना पिसं यायला लागलीत.

पाहुणे गेल्यावर उल्हासने आईंना वजनकाट्यावर उभं केलं. बेचाळीस किलो. त्याने मला स्वयंपाकघरात नेऊन दार लावून घेतलं.

"हे असं चालणार नाही. मार्चपर्यंत बघू. वजन नाही वाढलं तर पुण्याला पाठवायचं. विनयशी बोललोय मी."

विनय म्हणजे धाकटा दीर. तो आणि त्याची बायको दोघं सकाळी आठला बाहेर पडतात ते रात्री आठला येतात.

"विनयकडे दिवसभर कोण आहे?"

"विनयकडे नाही. एक जागा आहे. तळेगावच्या बाजूला. नर्सेस आहेत, डायटिशियन आहे, समवयस्क माणसं आहेत. व्हेरी डीसेंट."

"तू बघितलीस?"

"फोटो बघितले."

मला इतका संताप आला की हातातली पातेली वाजली. नवऱ्याचं तेरावं झाल्यावर ज्या बाईने मिरजेचं घर आवरलं, विकलं, आणि दोन बॅगा घेऊन 'बरं, येते तुमच्याकडे' म्हटलं, तिला आता फोटो बघून तळेगावला! आणि लोक काय म्हणणार? उल्हासला नाही म्हणणार. सुनेनं उपाशी ठेवली म्हणणार.

मी त्यांना खायला घालणारच. मार्चपर्यंत काय वाट्टेल ते करीन.

रविवार, १२ नोव्हेंबर

उल्हासने प्रोटीन पावडरचा बादलीएवढा डबा आणलाय, चॉकलेट फ्लेव्हर. रोज सकाळी दोन चमचे दुधातून. "आईसमोर डबा ठेव, ती घेईल स्वतः." डॉक्टर मुलगा म्हणून त्या निमूटपणे हो म्हणाल्या. डबा कमी होतोय, म्हणजे घेतायत. मी केलेली खीर नको, बादलीतली पावडर चालते.

वादळात मागच्या कुंपणाची एक फळी उडाली आणि शेजारच्या मॉरीनची आणि आमची बाग एक झाली. उल्हासला सांगितलं. "नेक्स्ट वीकेंड," म्हणाला. मॉरीन ऐंशीच्या पुढची, एकटी, फार बोलते. दहा वर्षांत आमचं हवामानाशिवाय कशावर बोलणं झालेलं नाही. आज तिने फटीतून डोकं काढून मोठ्याने सांगितलं, "युअर मम्स अ लव्हली लेडी!" तुला काय ठाऊक, म्हटलं मनात. तिच्या बागेत अजून शेवंती आहे. आई परडी घेऊन देवाला फुलं आणायला फटीतून जातात. मॉरीनने 'एनी टाइम' म्हटलंय म्हणे. हे मला कळलं ते परडीतली फुलं बघून. सांगितलं कुणी नाही.

अंडी कमी झालीत. आधी रोज चार, कधी तीन. आता दोन, कधी एक. दिवस लहान झाला की कोंबड्या कमी घालतात असं संस्थेची बाई म्हणाली. तेही ठीक. पण कोंबड्यांच्या चोचींना तपकिरी काहीतरी लागलेलं असतं. कसला रोग नसला म्हणजे मिळवली.

शनिवार, २ डिसेंबर

काल चार अंडी! आणि आज पुन्हा दोन. काय चाललंय या बायांचं, कळत नाही. 'बायांनो' हा आईंचा शब्द. रोज सकाळी खुराड्याचं दार उघडायला त्याच जातात, "चला बायांनो, उजाडलं." सगळा वेळ खुर्चीत बसणारी बाई कोंबड्यांसाठी उठते.

काल एकादशी होती म्हणून साबुदाण्याची खिचडी केली होती. ती मात्र त्यांनी पोटभर खाल्ली, परत मागून घेतली. मला बरं वाटलं. लगेच वाईट वाटलं, कारण वर्षाच्या एकादश्या चोवीस.

मंगळवार, १९ डिसेंबर

आजपासून शाळेला सुट्टी, म्हणजे शाळेच्या ऑफिसात काम करणाऱ्या मलाही. धुणं काढलं तर आईंच्या पांढऱ्या साडीच्या पदराला पिवळा डाग. हळदीचा असणार. ब्लीच लावलं, निघाला. हळद इतक्या सहज निघत नाही खरं तर.

मॉरीन दाराशी आली होती. दोन आठवडे लेकीकडे ब्राइटनला जातेय, कचऱ्याच्या डब्यांकडे बघशील का, म्हणाली. मी हो म्हटलं. जाताना वळून म्हणते, "शी हॅज सच अ लव्हली अ‍ॅपेटाइट, युअर मम. टेक्स मी बॅक."

मी दार लावून घेतलं. बेचाळीस किलोच्या बाईला 'लव्हली अ‍ॅपेटाइट'! हा काय टोमणा? माणसं गोड बोलून कशी सुरी फिरवतात! आमच्या घरात काय शिजतं आणि काय उरतं, हे हिला कुठून कळलं? आमची कचरापेटी बघते की काय? आणि तिचीच कचरापेटी मी बघायची.

रविवार, ३१ डिसेंबर

सुट्टीभर रोज तीन-चार अंडी. फ्रिजमध्ये जागा नाही. फ्रिज म्हणजे गॅरेजमधला छोटा, हे सांगायला नको. पूर्वी घरी आहे. ती अकरा वाजता उठते, खुराड्यापाशी जाऊन फोटो काढते आणि मला म्हणते, "मम्मा, यू आर सच अ नॅचरल." मी तिला म्हटलं, नॅचरल म्हणजे रोज सकाळी विष्ठा खरवडणं. हसली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसली. मग मोबाइल वाजला आणि गेली.

काल उल्हासने पुन्हा वजन केलं. त्रेचाळीस किलो! उल्हास खूश. "बघितलंस? पावडर." पहाटेचा मऊ भात कुणी मोजत नाही.

पण आई या सुट्टीत पुन्हा खुर्चीत बसल्या. पूर्वी आलीय, मी घरी आहे, घरात माणसं आहेत, तरी खिडकीतून मॉरीनच्या बंद पडद्यांकडे बघत होत्या. "कधी यायची ती?" मला विचारलं. मी म्हटलं, का? "फुलं," म्हणाल्या. डिसेंबरात कुठली फुलं!

मंगळवार, ३० जानेवारी २००७

आता मला खात्री पटली आहे. मॉरीन ब्राइटनहून परत आली आणि अंडी पुन्हा दोनावर. ती नव्हती तेव्हा चार. याहून सरळ पुरावा काय असतो? ही बाई फटीतून येते आणि आमची अंडी नेते. मला अंड्याचं काही नाही. मागितली असती तर डझनभर दिली असती. पण वर आम्हालाच ऐकवायचं!

उल्हासला सांगितलं. तो चहा पीत होता, नाकातून चहा आला. "श्यामला, प्लीज. कोल्हा असेल."

"कोल्हा कोंबडी सोडून अंडं नेतो? दिवसाढवळ्या?"

"अर्बन फॉक्स," म्हणाला. जणू त्यांना वेगळी युनिव्हर्सिटी असते.

"मग फळी बसव."

"नेक्स्ट वीकेंड."

आई तिथेच बसल्या होत्या, वाती वळत. मान खाली. म्हटलं, आई, तुम्ही सकाळी तिकडे जाता, मॉरीन कधी खुराड्यापाशी दिसली का? त्यांनी वात पूर्ण वळली, तबकात ठेवली. "मला काय दिसतंय," म्हणाल्या. "मोतीबिंदू आहे."

मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं झालंय. मी वाद घातला नाही. काल एकादशी झालीय, अशक्तपणा असतो.

काल अंडी चार होती. वहीत लिहिलं नव्हतं, पण आठवतंय.

रविवार, ४ फेब्रुवारी

सफोकमधल्या एका टर्कीच्या फार्मवर बर्ड फ्लू सापडला. कालपासून टीव्हीवर पांढरे सूट घातलेली माणसं. उल्हासने बातम्या संपायच्या आत निर्णय जाहीर केला.

"कोंबड्या जाणार. घरात अठ्याहत्तर वर्षांची बाई आहे."

"सफोक किती लांब आहे!"

"पक्षी उडतात, श्यामला."

"मग झाकून ठेवू. जाळी लावू. ती संस्थावाली बाई..."

"आणि कशासाठी? आईला अंडं चालत नाही. पूर्वी इथे नाही. मी बाहेर खातो. तुला एकटीला चार कोंबड्या हव्यात?"

तुला एकटीला. मी एकटीच आहे हे त्याने आज पाहिलं, तेही कोंबड्या घालवायच्या हिशेबात.

येत्या शनिवार-रविवारी त्याची ड्यूटी, म्हणून पुढच्या रविवारनंतर बघू म्हणाला. 'नेक्स्ट वीकेंड' मला पहिल्यांदा उपयोगी पडला.

बुधवार, १४ फेब्रुवारी

पेन दाबून लिहितेय. रागाने. दुसरं काही नाही.

या आठवड्यात शाळेला हाफ-टर्मची सुट्टी, म्हणून घरी. काल सकाळी अकराला खुराड्याचं झाकण उचललं तर चार अंडी. मी खूश. ती घेऊन आत आले तर आई साबुदाणा भिजला का विचारत होत्या. काल एकादशी. आणि मी चार अंडी हातात धरून मागच्या दारात उभी राहिले. डिसेंबरातल्या एकादशीला चार. जानेवारीतल्या एकादशीला चार. चतुर्थीलासुद्धा, आठवतंय, कारण मोदकांच्या पिठाच्या हातांनीच वेचली होती. आमच्या गल्लीतला कोल्हा एकादशी पाळतो? मॉरीनच्या कॅलेंडरवर चतुर्थी असते?

आज मी लायब्ररीत जाते म्हणून सांगितलं, गाडी कोपऱ्यावर लावली आणि चालत परत आले. स्वतःच्या घराच्या बाजूच्या बोळातून वाकून जाताना मला माझीच लाज वाटली. साडेनऊला आई परडी घेऊन बाहेर आल्या. पायात लेकीचे रबरी वेलिंग्टन बूट. खुराड्याचं झाकण उचललं, "दे गं बाई," म्हणाल्या, दोन अंडी परडीत ठेवली, त्यावर रुमाल झाकला. मग पदराआडून एक वाटी काढली आणि कोंबड्यांच्या भांड्यात ओतली. तपकिरी पावडर. चॉकलेट फ्लेव्हर. कोंबड्या तुटून पडल्या.

फटीतून त्या पलीकडे गेल्या. मीही गेले. मॉरीनच्या स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे, पडदा नाही.

टेबलावर दोन उभे छोटे कप. दोन उकडलेली अंडी. टोस्टच्या उभ्या पट्ट्या कापलेल्या. माझ्या सासूबाईंनी, ज्यांच्यासाठी मी जूनपासून गॅरेजमध्ये कोट घालून उभी राहते, चमच्याच्या एका फटक्यात अंड्याचं टोपण उडवलं. सराईतासारखं. टोस्टची पट्टी आत बुडवली. पिवळा बलक ओघळला, तो बोटाने टिपला. मॉरीन इंग्लिशमध्ये काही सांगत होती, आई मराठीत काही सांगत होत्या, दोघींना एकमेकींचं ऐकू येत होतं की नाही देव जाणे, आणि दोघी हसत होत्या. आईंना टाळी देताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी मॉरीनला टाळी दिली.

माझ्या स्वयंपाकघरात त्या एकदाही हसलेल्या नाहीत.

गाडीत बसून खूप वेळ काढला. आज घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "लायब्ररी बंद होती का गं?" आणि जेवताना, "भूक नाही विशेष."

गुरुवार, १५ फेब्रुवारी

बोलायचं ठरवलं. बोलले नाही. मला त्यांना सांगायचंय की ऑम्लेट थंड गॅरेजमध्ये किती लवकर आकसतं. त्यांना विचारायचंय, माझी खीर का नको. मॉरीनमध्ये असं काय आहे.

भाजी जळली. मी कधी भाजी जाळत नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

उल्हासने कुठल्याशा माणसाला फोन करून ठेवला होता, तो कोंबड्या घेऊन जाणार होता. जेवायला आम्ही तिघं. आमटी, बटाट्याची भाजी, आईंच्या पुढ्यात पोळीचा चौथा तुकडा तसाच.

"उद्या दुपारी येईल तो," उल्हास म्हणाला. "आणि विनयशीही बोललो. तळेगावची खोली एप्रिलपासून मिळतेय. नंतर मिळेल याची खात्री नाही. बुक करून ठेवूया."

"तू मार्च म्हणाला होतास."

"वजन थोडं वाढलं, पण बघ ना, जेवत कुठे आहे ती? ही पावडर कुठवर पुरणार?"

माझ्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य होतं. पावडर कोंबड्या खातात आणि तुझी आई अंडी खाते, मॉरीनच्या घरी, रोज, म्हणून वजन वाढतंय. कोंबड्या गेल्या तर तुझी आई पुन्हा वाळेल. कर आता तळेगाव. एका वाक्यात मी जिंकले असते. कोंबड्याही राहिल्या असत्या, आईही. आणि चार महिन्यांचा अपमान फेडला गेला असता.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. घास हातात तसाच. मी लहान असताना आमच्या वर्गात एक मुलगी बाईंकडे असं पाहायची, गृहपाठ न केलेली. अठ्याहत्तर वर्षांची बाई माझ्याकडे तसं पाहत होती. त्यांना माहीत होतं, मला माहीत आहे. बहुतेक भाजी जळली तेव्हाच कळलं असेल.

मी म्हटलं, "मला हव्यात कोंबड्या. मला एकटीला. मला आवडतात."

"श्यामला, बी रिझनेबल."

"आठ महिने मी तुझ्या रीझनवर चालतेय. अंडी कोल्हा नेतो तर नेऊ दे. मला हव्यात."

आवाज फार चढला असावा. उल्हासने चमचा खाली ठेवला आणि तो त्याचा ऑपरेशन थिएटरमधला, माणसाला झोपवायचा आवाज काढायच्या बेतात होता, तेवढ्यात आई म्हणाल्या,

"राहू देत रे कोंबड्या. माझा वेळ जातो. आणि मी कुठं जात नाही त्या तळेगावाला. तिथं कोण आहे माझं?"

"बरं, आई," उल्हास म्हणाला.

बस. 'बरं, आई.' मी दोन आठवडे भांडले, जाळीच्या किमती काढल्या, संस्थेच्या बाईला फोन केले, आणि आईंचं एक वाक्य, की 'बरं, आई'. हे आधी बोलता आलं नसतं? ऑक्टोबरात?

त्याने त्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. तळेगावचं मात्र मार्चच्या वजनावर सोडलंय. डॉक्टर तो डॉक्टर.

शनिवार, २४ फेब्रुवारी

उल्हास सकाळीच ड्यूटीवर. मी गॅरेजमध्ये, कोट, तवा. पाऊस पडत होता. मागे दार वाजलं. आई. एका हातात देवघरातला पाट.

पाट उलट्या बादलीवर ठेवून त्या बसल्या. तव्याकडे बघत राहिल्या.

"हे असं गारठ्यात का करतेस?"

मला वाटलं कानात दडे बसलेत. "तुमच्यासाठीच ना, आई! घरात चालत नाही म्हणून!"

"मी कधी म्हटलं?"

आता मी उलथनं खाली ठेवलं. "लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगितलंत! म्हणजे... उल्हासने सांगितलं. आईला चालत नाही म्हणाला."

"उल्हासला कुणी सांगितलं?"

तव्यावर चरचर आवाज.

मग त्या बोलल्या. आठ महिन्यांत बोलल्या नाहीत तेवढं. मामंजींना डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलं होतं, छातीसाठी. मिरजेच्या घराच्या मागच्या अंगणात, पंपाच्या स्टोव्हवर, आईच उकडायच्या. सोलून, मीठमिरी लावून, बशीत. मग स्टोव्ह घासायचा, हात धुवायचे, पदर बदलायचा आणि देवाचं करायचं. "वास फार छान यायचा गं. नवंनवं नाक दाबून घ्यायची, मग नाही दाबलं."

"तुम्हाला कुणी दिलं नाही कधी?"

"मला कोण विचारणार? नाही खात म्हणून ठरलेलं. कुणी ठरवलं ते मला नाही ठाऊक. तुझ्या नवऱ्यासारखंच."

"आणि मॉरीनने विचारलं?"

"तिला कुठं विचारता येतंय? फुलं देते रोज, मग रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून अंडी नेली. तिनं दोन्ही उकडली आणि एक माझ्या पुढ्यात ठेवलं. पुढ्यात आलेलं टाकून उठायचं होय? आणि तूच म्हणालीस, कोंबडा नाही, जीव नाही. रोज बघते ना मी, नाहीच आहे कोंबडा. आणि तिच्या घरात आपले देवही नाहीत. कुणाला विटाळ नाही."

मी ऑक्टोबरात भिंतीशी बोललेच नव्हते तर.

"मग मला सांगायचं ना, आई. मी दिलं असतं."

"तू इतकं पाळत होतीस माझ्यासाठी. गॅरेजमध्ये उभी राहून. कुठल्या तोंडानं सांगू?"

ऑम्लेट करपलं होतं. मी दुसरं घातलं. म्हटलं, चला, आजपासून आत करू, गॅसवर. त्या ताडकन म्हणाल्या, "छे! उल्हासला चालायचं नाही. बिचाऱ्याला वाटतं त्याची आई..." पुढे बोलल्या नाहीत, हातानेच उडवून लावलं.

म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांच्या कन्सल्टंटला धक्का बसू नये म्हणून आम्ही दोघींनी गॅरेजमध्ये बसायचं. आणि मी हो म्हटलं!

ऑम्लेट बशीत दिलं. अर्धं खाऊन त्यांनी उरलेलं माझ्यापुढे सरकवलं. "खा. उभी कशाला?"

मी तुसाच्या पोत्यावर बसले.

रविवार, २५ मार्च

पंचेचाळीस किलो.

उल्हासने काटा दोनदा बघितला. मग विनयला फोन करून तळेगावच्या जागेला नको कळवायला सांगितलं. मग मला म्हणाला, "पावडर. मी म्हटलं नव्हतं? दुसरा डबा मागवतो." मी म्हटलं, मागव. पावडर त्यांच्यात पोचलीच आहे, फक्त कोंबडीमार्गे. कोंबड्या तर इतक्या गुबगुबीत झाल्यात की पूर्वीला फोटोत ओळखू आल्या नाहीत.

कुंपणाची फळी त्याने आज बसवायला काढली होती. अखेर वीकेंड आला! आई म्हणाल्या, "राहू दे रे, वारा येतो." "बरं, आई." फळी गॅरेजमध्ये आणून ठेवली आणि तिथे तीन स्टुलं बघून म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, सेलमध्ये मिळाली. त्याला सगळं 'अरे वा'.

तिसरं स्टूल मॉरीनचं. शनिवारी तीही येते. ती टोस्ट आणते, मी मिरची-कोथिंबीर घालते, आई मीठ किती ते सांगतात. वीस वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्याच पदार्थाला नाव ठेवलं नव्हतं, चांगलं नाही आणि वाईटही नाही. काल मी पहिल्यांदाच मॉरीनसारखं अंडं उकडलं, कपात उभं केलं, टोस्टच्या पट्ट्या कापल्या. आईंनी टोपण उडवलं, आत पाहिलं, एक पट्टी बुडवली, चावली आणि मान हलवली.

"घट्ट झालं. मॉरीनचं मऊ असतं."

मॉरीनला कळलं काहीच नाही, पण हसली.

मॉरीनचं मऊ असतं! कोंबड्या माझ्या, गॅस माझा, थंडीत उभी मी. उद्या दाखवते.